भिंतीला लावलेला कान

पंखा बंद करा रे, ही गोष्ट आवाजाची आहे. ऐकीव नाही, माझ्या शेजारच्याच माणसाची आहे.

तो पाणीखात्यात गळती शोधायचा. गल्ली झोपली की लोखंडी सळई रस्त्यातल्या व्हॉल्व्हवर टेकवायची आणि वरच्या टोकाला कान लावायचा. जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय, ते त्याला नुसत्या सुरसुरीवरून कळायचं. सगळे त्याला कानसेन म्हणत आणि गडी त्यावर भलताच फुशारायचा.

एकदा काम संपवून निघाला, तर शिवणकाम करून एकट्या राहणाऱ्या आजींनी त्याला घरात बोलावलं. पलंगालगत भिंतीवर तेलकट डाग होता, रोज डोकं टेकून पडलेला.

"बाळा, इथे कान लाव. आत पाणी पळतंय."

तो दमला होता. कान न लावताच हसून म्हणाला, "आजी, या वयात कानच वाजतात."

महिन्याच्या आत जमीन खचली. पाण्याने खालची माती कधीच वाहून नेली होती. भिंत पलंगावर आली, आजी गेल्या. त्याला कुणी जाब विचारला नाही, पण त्याच्या घशाखाली घास उतरेना.

मग ती अमावास्या. बुधवार. पुन्हा तीच गल्ली. साथीदार गाडीत घोरत होता. आजींच्या पडक्या घरासमोर त्याने सळई टेकवली, कान लावला.

सुरसुर नाही. काहीच नाही...

मग श्वास. म्हातारपणाचा. धापेचा.

खालून कुणीतरी कान लावला होता.

"आजी... चुकलं माझं. ऐकायला हवं होतं."

श्वास थांबला.

"मग लाव ना, बाळा... कान लाव."

सळई टाकून तो घरी पळाला. बायको आणि लेक झोपल्या होत्या. लेकीच्या उशाशी, नव्याने रंगवलेल्या भिंतीवर... तेलकट डाग. ओला.

या वेळी त्याने कान लावला.

आत पाणी पळत होतं.

लेकीला उचललं, बायकोला उठवलं, तिघं बाहेर आली. सकाळी भिंत फोडली, जमीन उकरली. पाइप नाही. माती कोरडी ठणठणीत.

भिंत पुन्हा बांधली, खोलीला कुलूप लावलं. किल्ली त्याच्याच गळ्यात असते. तरी डाग वर आलाच, मी डोळ्यांनी पाहिलाय.

परवा त्याने पुन्हा बोलावलं. कुलूप माझ्यादेखत उघडलं. त्या डागाशेजारी आता दुसरा आहे...

लहान मुलाच्या डोक्याएवढा.