विहिरीतला चुना

मंगळवारी दुपारी शेतात गेले, तर एक अनोळखी माणूस आमच्या विहिरीत वाकलेला. मी धावतच गेले. मागून त्याचा शर्ट धरून ओढला.

"जीव द्याले आमचीच विहीर भेटली का तुमाले?"

"अहो... पाणी घेतोय." हातात दोरी, दोरीला बाटली. मी शर्ट सोडला, पण जरा उशिराच.

तो सुमीत. नागपूरचा, खडकांचा अभ्यास केलेला. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून गिरडजवळच्या काळ्या खडकात खोल सोडायचा, असा प्रयोग होणार होता. त्याआधी आसपासच्या विहिरींचं पाणी मुळात कसं आहे ते नोंदवून ठेवायचं, हे त्याचं काम.

"मंग खाली त्याचं काय होते?"

"दगड. काही वर्षांत."

"आमच्या टेकडीवरच्या दर्ग्याच्या बाबानं सुपाऱ्यांचे दगड केले म्हणते, तसं?"

"तसंच. फक्त आम्हाला परवानगी लागते." तो हसला, आणि त्यानं धरायला दिलेलं बाटलीचं बूच मी कुठे ठेवलं तेच विसरले.

पुढच्या मंगळवारी तो परत येणार होता. आई म्हणाली, "साहेब येऊन राह्यले तं विहिरीत चुना टाकजो." पाहुणे यायचे म्हटलं की पाणी नितळ दिसावं म्हणून आमच्याकडे तशी रीतच आहे. मी टाकला. अगदी मन लावून टाकला.

त्याच्या कपाळाला आठ्या. "पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, इतका कसा वाढला? पुढच्या आठवड्यात पुन्हा बघतो."

मग दर सोमवारी मी चुना टाकायचे आणि दर मंगळवारी तो यायचा. बाकीच्या विहिरींवर महिन्यातून एकदाच जायचा म्हणे. मी काय समजायचं? तो यंत्राकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, पुन्हा यंत्राकडे. मी आणलेल्या तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलत म्हणायचा, "मला काहीच कळत नाहीये." मलाही कळत नव्हतं. पण तो कशाबद्दल बोलतोय, हे विचारायची हिंमत झाली नाही.

पाचव्या मंगळवारी म्हणाला, "ही विहीर यादीतून काढतोय. आज शेवटचंच आलो."

म्हणजे... तो पाण्यासाठीच येत होता तर. मला रडू आलं आणि रागही आला, कोणावर ते ठाऊक नाही. खरं सांगितलं तर त्याचं कोडं सुटणार, नाही सांगितलं तरी तो जाणारच.

"मी चुना टाकून राह्यली होती," मी म्हटलं. "दर सोमवारी."

"काऊन?" पहिल्यांदाच तो आमच्यासारखं बोलला.

"तुमी येत होते म्हणून. पाहुण्यासाठी टाकतो आमी. पन... दुसऱ्या कोन्या पाहुण्यासाठी मी दर आठवड्याले टाकला नसता."

त्यानं पेन काढलं. मग वहीतल्या चार नोंदींवर काट मारली.

"आता बारा महिने नव्याने नोंदी. महिन्यातून एकदा."

"एकदाच?"

"पाण्यासाठी एकदाच." तो दोरी गुंडाळत होता, पण ती उलटीच गुंडाळली जात होती. "दर मंगळवारी मात्र येईन. चुना टाकू नका."

"मंग पाहुण्यासाठी काय करू?"

"वर्षाली... मी पाहुणा म्हणून येणार नाही."

सोमवारी उरलेला चुना मी शेजारच्या प्रमिलाबाईंना देऊन टाकला.