माणिकपूरचा बाटला

गिरीजच्या एडवर्डला तुम्ही ओळखता. त्या वळणावरची केळीची वाडी, तोच. त्याने मला हे स्वतः सांगितलं. पोरांनो, थट्टा करायची असेल तर आत्ताच उठा.

साल त्र्याऐंशी. नाताळच्या आधीचा शुक्रवार. त्याची बायको पॉलिन माणिकपूरच्या एका खासगी दवाखान्यात होती. पोटात गाठ, सकाळी ऑपरेशन. एडवर्ड रात्री जेवून तिची शाल द्यायला गेला. दवाखाना म्हणजे राहतं घर. वर डॉक्टर, खाली खाटा आणि स्वयंपाकघराचं केलेलं ऑपरेशन थिएटर.

शाल देऊन तो बाहेर आला. थिएटरसमोरच्या बाकावर एक बाई बसली होती. ठेंगणी, कपाळभर कुंकू. घाट चढून आल्यासारखी धापा टाकत होती.

"बाई, आयाला बोलावू?"

तिने कुलूपबंद दाराकडे बोट केलं. "त्यो बाटला... रिकामा हाय. काटा खोटा... उद्या कोन हाय?"

"माझी बायको."

बाई त्याच्याकडे वळली. नुसती बघत राहिली...

एडवर्ड आयाला हाक मारायला वळला. परत पाहिलं, तर बाक रिकामा.

उर्सुला आया आली. "एडवर्डा, आज पेशंट एकटी तुझी पॉलिन. दुसरं कोणी नाही."

त्याने ती बाई कशी होती ते सांगितलं. उर्सुलाने छातीवर क्रूसाची खूण केली. कुलूपबंद दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "चिंचोटीची मथुरा. पावसाळ्यात याच टेबलावर गेली. अर्ध्यात ऑक्सिजन संपला. काटा तेव्हाही भरलेलाच दाखवत होता. नवऱ्याला सांगितलं, हार्ट कमजोर होतं."

"दार उघड, उर्सुलाबाय."

कुलूप उघडल्याच्या आवाजाने डॉक्टर खाली उतरले. आत कोपऱ्यात ऑक्सिजनचा बाटला उभा होता. काटा पूर्ण भरलेला.

"दिसतंय ना? तुला यातलं काय कळतं?"

"काही नाही कळत. फक्त बाटला सोडून दाखवा, डॉक्टर."

डॉक्टरांनी चावी फिरवली. आवाज नाही. आणखी फिरवली.

काहीच नाही...

डॉक्टर काट्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर डिसेंबरात घाम. "सकाळी दुसरा मागवतो," ते म्हणाले. एडवर्डने शाल पॉलिनच्या अंगावर टाकली. पॉलिनला उचललं, नाक्यावरच्या टेम्पोवाल्याला उठवलं आणि रातोरात मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. ती वाचली. रविवारी चर्चमध्ये मिस्साला तुम्हाला दिसते, तीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एडवर्ड तिचे राहिलेले कपडे न्यायला माणिकपूरला गेला. दवाखान्यात उर्सुलाशिवाय चिटपाखरू नव्हतं. रात्रीपासून थिएटरला कुलूप, किल्ली उर्सुलाच्या कमरेला. ती दाराशी उभी राहून दारातली चौकोनी काच पदराने पुसत होती. घाईघाईने. पुन्हा पुन्हा.

"काय झालं, बाय?"

ती बाजूला सरली.

काचेवर वाफ होती. वाटीएवढी. ठेंगण्या माणसाचं तोंड येईल, तेवढ्याच उंचीवर.

एडवर्डने बोटाने पुसली. पुसली जाईना.

वाफ आतून होती... विरत होती... आणि परत धरत होती.