भिंतीवरची कोरी जागा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय निघाला की मी चहा ठेवायला उठते. त्या घरी मी गेले ते अगदी साध्या कामाला. एका खोलीची मापं घ्यायची, फोटो काढायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचं.

माझं काम रक्ताचे डाग वाचण्याचं. थेंब कुठून उडाला, किती जोरात उडाला, मारणारा कुठे उभा होता, हे डागाच्या आकारावरून सांगायचं. प्रयोगशाळेत मला 'डागबाई' म्हणायचे. घरीही सुटका नव्हती. कुणाच्या शर्टावर चहा सांडला की नवरा म्हणायचा, "थांबा, धक्का कुणी मारला ते आधी हिला विचारू."

तर एक तरुण वकील माझ्याकडे आला. जुनं प्रकरण होतं. दोघे भाऊ घराच्या मागच्या खोलीत फोटोंच्या फ्रेमा बनवायचे. एका दुपारी थोरला तिथे डोकं फुटून पडलेला सापडला. ॲम्ब्युलन्स बोलावली ती धाकट्यानेच. पण धाकट्याच्या शर्टावर रक्ताचे अगदी बारीक शिंतोडे होते, आणि असे शिंतोडे फक्त घाव घालणाऱ्याच्या अंगावर उडतात असं सरकारी तज्ज्ञाने छातीठोकपणे सांगितलं. त्याच आठवड्यात भावाभावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, हे शेजाऱ्याने सांगितलं. जन्मठेप झाली.

"तो म्हणतो, मी दादाला शेवटी जवळ घेतलं होतं, बाकी काही केलं नाही," वकील म्हणाला. "ताई, शर्ट पुन्हा एकदा बघाल?"

मी बघितला. सूक्ष्मदर्शकाखाली ते डाग फिके दिसत होते, आणि बऱ्याच डागांच्या पोटात सुईच्या टोकाएवढी गोल कडी होती. हवेचा बुडबुडा फुटला की उरते तशी. घावाने उडालेल्या रक्तात सहसा हवा नसते. हे रक्त श्वासाबरोबर आलं होतं. नाकातोंडात रक्त भरलेला माणूस शेवटचे श्वास टाकत होता, आणि शर्ट घातलेला माणूस त्याच्या तोंडाजवळ होता.

वकील खुर्चीतून उठलाच. मी म्हटलं, "उड्या मारू नका. मारणारासुद्धा नंतर वाकून बघू शकतो. कोण कुठे होतं हे खोलीच सांगेल."

त्या घरात आता दोघांची आई एकटी राहायची. घटनेच्या दिवशी ती घरी नव्हती आणि खटल्याच्या वेळी शेवटच्या बाकावर बसायची, असं वकिलाने सांगितलं होतं. एक मुलगा मेलेला आणि दुसऱ्यावर त्याच्याच खुनाचा आरोप. पुढच्या कोणत्या बाजूला बसणार ती?

दार उघडून तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "या. चपला राहू द्या पायात. कितीही झाडलं तरी काच निघतेच."

भर दुपार होती. मागच्या खोलीत ऊन इतकं लख्ख होतं की भीती मनात येण्याचं काही कारणच नव्हतं. भिंतीला टेकून काचेची तावदानं उभी होती, कोपऱ्यात लाकडाच्या पट्ट्या होत्या. सगळ्यांवर धूळ होती. वास मात्र ताज्या सरसाचा येत होता, जणू आत्ताच कुणी काम टाकून बाहेर गेलं असावं.

"हे टेबल पोलिसांच्या फोटोत खोलीच्या मधोमध आहे," मी म्हटलं.

"मी भिंतीला लावलं. सगळं घासून काढलं, पण तिथे... तिथे हात चालेना माझा."

आम्ही दोघींनी मिळून टेबल ओढलं. भिंतीवर अगदी खाली, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत, तपकिरी धुरळा उडावा तसे बारीक डाग होते. पोलिसांनी फोटो वरून काढले होते, आणि त्यात हा भाग टेबलाच्या सावलीत गेला होता. भिंग लावलं. त्याच कड्या, तेच बुडबुडे. थोरल्याचं डोकं भिंतीपासून थोड्याच अंतरावर होतं आणि तो श्वास भिंतीकडे टाकत होता.

अशा डागांमध्ये आम्ही कोरी जागा शोधतो. मध्ये कुणी असेल तर डाग त्याच्या अंगावर पडतात आणि मागे भिंतीवर त्याच्या आकाराची जागा स्वच्छ राहते. धाकट्याची जागा लगेच सापडली. टेकलेला गुडघा, पुढे झुकलेला दंड. शर्टावरच्या डागांशी ती तंतोतंत जुळत होती. मी खडूने रेघ मारली आणि पुढे सरकले.

पुढे दुसरी कोरी जागा होती.

पहिलीपेक्षा रुंद, ठेंगणी, दोन्ही बाजूंना गोलसर. तिच्याभोवतीही मी खडू फिरवला. भिंतीला पाठ टेकवून कुणीतरी मांडी घालून बसलं होतं. थोरल्याच्या डोक्याला अगदी लागून. पोतं असेल, पट्ट्यांची मोळी असेल, म्हणून मी फोटो पुन्हा पुन्हा बघितले. तिथे काही नव्हतं. आणि पोत्याला गुडघे नसतात.

मी खाली वाकलेलीच होते, तेव्हा बाजूच्या काचेवर वाफ धरली. जमिनीपासून वीतभर उंचीवर, पुरीएवढा गोल. मग विरली. पुन्हा धरली. माझाच श्वास लागतोय, मी मनाशी म्हटलं, आणि सरळ होऊन श्वास रोखून धरला.

काच पुन्हा धुरकट झाली... हळूहळू विरली... पुन्हा झाली.

"दिसलं ना?" मागून आई म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "मी तावदान हलवत नाही म्हणूनच."

ती माझ्या बाजूने पुढे आली, भिंतीला पाठ लावून सावकाश खाली बसली आणि मांडी घातली. खडूच्या रेघेत तिचे गुडघे बसले. मापाने शिवलेल्या कपड्यासारखे.

"पण तुम्ही तर तेव्हा..."

"दवाखान्यात होते. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. दुपारी एकाएकी मांडी जड झाली. इतकी जड की मला पलंगावर राहवेना, खाली उतरून बसले. पोटावर गरम गरम वारा लागत होता. थांबत थांबत. मग थांबलाच." तिने दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवले होते, काहीतरी धरून ठेवल्यासारखे. "कोण ते मला तेव्हाच कळलं. लहानपणी त्याला सर्दी झाली की असाच मांडीवर घेऊन बसायचे, आडवा केला तर दम लागायचा त्याला."

वकिलाने दवाखान्यात चौकशी केली. तिथल्या जुन्या नर्सला ती आठवत होती. बाई खाली बसली होती आणि दोघीतिघींनी धरूनही उठली नव्हती.

"ताई," वकील कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "हे कोर्टात सांगितलंत तर अशिलाआधी आपल्याला आत टाकतील. अहवालात काय लिहिणार आहात?"

"भिंतीवर आहे ते. दोन कोऱ्या जागा. दुसऱ्या जागेत कोण होतं हे भिंत सांगत नाही, मीही सांगणार नाही."

"म्हणजे तिसरा माणूस होता! सुटलाच आपला माणूस. फक्त त्याने तेवढं म्हणायला हवं."

त्यासाठी आम्ही तुरुंगात गेलो. धाकटा वयापेक्षा बराच म्हातारा दिसत होता. वकिलाने हरतऱ्हेने विचारलं. कुणी आलं असेल? सावली? पायांचा आवाज?

"कोणी नव्हतं," तो म्हणाला. "मी आणि दादा. इतकी वर्षं तेच सांगतोय, आता सुटण्यासाठी खोटं सांगू?"

आम्ही उठलो, तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "एक आहे. भावाचं डोकं मांडीवर घेतलं होतं का, असं सगळे विचारतात. मी उचललंच नव्हतं ते. मी पोचलो तेव्हाच ते जमिनीपासून वर होतं. खाली काही नव्हतं... पण वर होतं."

कोर्टात सरकारी वकिलाने मला चांगलंच धारेवर धरलं. "दुसरी व्यक्ती कोण होती, बाई? खुद्द आरोपी म्हणतो कोणी नव्हतं. मग तुमची भिंत खरी की आरोपी?"

"दोघेही खरं सांगत असतील," मी म्हटलं. कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्यांनी भिंतीचे फोटो बराच वेळ बघितले.

शिक्षा रद्द झाली. शिंतोडे श्वासाचे आहेत आणि घटनास्थळी आणखी कुणी असल्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून संशयाचा फायदा. ज्या माणसाच्या असण्यावर तो सुटला, तो माणूस नव्हताच, हे त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. घाव कुणी घातला, ते आजही कुणाला माहीत नाही. त्या दुसऱ्या माणसाचा तपास पुन्हा सुरू झाला, एवढंच.

बाहेर पायऱ्यांवर ही गर्दी. वकील ज्याला त्याला मिठ्या मारत होता. भांडणाची साक्ष देणारा शेजारी डोळे पुसत उभा होता. ज्या अधिकाऱ्याने पूर्वी तपास केला होता, तोही येऊन "चला, झालं ते बरं झालं" असं काहीतरी म्हणाला. धाकटा आईच्या मागेच होता. एवढ्यात आईने माझं मनगट घट्ट धरलं. तिची बोटं बर्फासारखी होती.

"बाई... एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी दवाखान्यात, त्याचा श्वास थांबल्यावर... माझ्या खांद्यावर हात टेकून कुणीतरी उठलं. दमलेला माणूस आधार घेऊन उठतो तसं."

"कोण?"

"डोळ्यांवर पट्टी होती ना." ती समोरच बघत होती. "आत्ता पुन्हा टेकला."

मी मान वळवली. मागे शेजारी होता, वकील होता, अधिकारी होता, धाकटा होता. सगळे दाटीवाटीने उभे, आणि कुणाचा हात कुठे आहे ते कळायला मार्ग नव्हता.

"मागे बघा तरी," मी म्हटलं.

"नको," ती म्हणाली. "घरी जायचंय मला. पोराला घेऊन."

तिने न बघताच डावा हात मागे केला. धाकटा पुढे आला, त्याने तो हात हातात घेतला आणि दोघं पायऱ्या उतरू लागली. गर्दी वरच राहिली. मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. धाकटा तिच्या डाव्या बाजूला होता. उजवीकडे कोणीच नव्हतं. तरी तिचा उजवा खांदा खाली गेला होता, आणि दर पायरीला तो थोडा आणखी दबत होता, मागून कुणीतरी आधार घेत उतरत असावं तसा.