भिंतीवर धरलेली छत्री

तो स्प्रेचा डबा खळखळ हलवत आला आणि त्यानं थेट माझ्या पोटावर नेम धरला. मी डोळे उघडले.

भिंतीला डोळे फुटलेले पाहून माणूस करणार काय? तो मागच्या मागे बादलीवरच बसला. पांढराफटक.

“तुम्ही... बाई आहात?”

“सकाळपर्यंत तरी होते.”

मैत्रिणीनं माझ्या तोकड्या कपड्यांसकट कपाळापासून पावलांपर्यंत विटा रंगवल्या होत्या. बाबांच्या नूडल्सच्या दुकानाची भिंत, हुबेहूब. सोल शहरातल्या आमच्या गल्लीत पाडायच्या घरांवर लाल फुल्या मारून झाल्या होत्या, आमचंच तेवढं राहिलं होतं. आज फुली मारली गेली नाही, तर प्रकरण परत सुनावणीला जाणार होतं. म्हणून मी भिंत होऊन भिंतीपुढं उभी होते.

“सरका ना जरा,” तो काकुळतीला आला. “नोकरी जाईल माझी.”

“मारा की. माझ्यावरच मारा फुली.”

त्यानं डबा उचलला, माझ्याकडं पाहिलं... आणि खाली ठेवला. “थंडी नाही वाजत तुम्हाला?”

मी भांडायचंच विसरले. मेल्याचे कान लालबुंद झाले होते. नाव म्हणे मुजिन.

“आणि भिंतीचं?”

“हेरिम.”

तेवढ्यात पाऊस आला. दंडावरच्या विटा ओघळायला लागल्या. मुजिननं घाईघाईनं छत्री उघडून माझ्यावर धरली — इतक्या जवळून, की त्याच्या श्वासाला जवाच्या चहाचा वास येत होता.

कोपऱ्यावरचा हवालदार लगेच आला. “एकटीनं आंदोलनाला उभं राहायला परवानगी लागत नाही. दोघं झालात की जमाव. मिटा छत्री, निघा तुम्ही.”

छत्री मिटली की भिंत वाहून जाणार. मला रडूच आलं.

“मी आंदोलनात नाही,” मुजिन म्हणाला. “मी... हिचा... म्हणजे आमचं जमलंय. आपल्या माणसावर छत्री धरायला कसली परवानगी?”

मी थिजले. अर्ध्या तासाची ओळख नाही आणि जमलंय!

“खरं का हो?” हवालदारानं मला विचारलं.

“खरंय,” मी म्हटलं. छाती नुसती धडधडत होती, आणि ती काही हवालदाराच्या भीतीनं नाही.

तो पुटपुटत निघून गेला.

“सॉरी,” मुजिन कुजबुजला. “सुचलं ते बोललो.”

“आत्ता सुचलं?”

“नाही... बादलीवर पडलो तेव्हाच.”

मी काही बोलणार, तोच गाडीतून त्याचे साहेब उतरले. “अजून फुली नाही? मार लवकर.”

मोठ्यांना वस्तू दोन्ही हातांनी द्यायची, हे आमच्याकडं पोरांना बोलता येण्याआधी शिकवतात. मुजिननं डबा साहेबांपुढं धरला — एका हातानं. दुसऱ्या हातातली छत्री त्यानं माझ्यावरून हलू दिली नाही.

“माणसावर फुली मी नाही मारणार, साहेब.”

साहेब त्या एका हाताकडं बघतच राहिले. मग डबा न घेताच गाडीत जाऊन बसले. गाडी गेली.

मी माझा अर्धवट विटांचा हात उचलला आणि छत्रीच्या दांड्यावर, मुजिनच्या हातावर ठेवला.