सहाव्या कप्प्यातला साचा

कानात घालायच्या इअरफोनची तुलना मी एका मासिकासाठी दर महिन्याला लिहितो. त्याआधी एकोणीस वर्षं संध्याकाळच्या दैनिकात होतो. तिथल्या दोन सवयी अजून आहेत. प्रत्येक गोष्टीची वेळ लिहून ठेवतो, आणि एकदाच घडलेलं काही छापत नाही.

मे महिन्यासाठी पाच जोड्या होत्या. चार दुकानातल्या, रबरी टोकांच्या. पाचवी खास माझ्या कानाच्या साच्यावरून बनवलेली. ती आकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातल्या हातोरी माकिए यांच्या कारखान्यातून आली होती. कारखाना म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, दोन टेबलं आणि कप्प्यांचं एक लाकडी कपाट.

माझी पद्धत साधी आहे. आवाज लावण्याआधी प्रत्येक जोडी वायरीशिवाय पाच मिनिटं कानात ठेवायची. कान नीट बंद झाला की बाहेरचं जग मागे सरतं आणि स्वतःचं शरीर ऐकू येतं. गिळणं, मानेचं कडकडणं, नाडी. मग तांदळाची एक कडक चकती चावायची. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो, आणि जोडी कुठे सैल आहे ते लगेच कळतं.

पहिल्या जोडीचा खर्ज भरघोस होता, पण चावताना डावं टोक सटकत होतं. दुसरीने उजवा कान अर्ध्या तासात दुखायला लागला. तिसरीत रेडिओवरची वृत्तनिवेदिका प्रत्येक ‘स’ला शिट्टी मारत होती. चौथी निर्दोष आणि कंटाळवाणी.

पाचवी मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी घातली. इतकी चपखल बसणारी जोडी मी कधी घातली नव्हती. रस्त्यावरची वाहनं गेली, फ्रिजची घरघर गेली. नाडी ऐकू आली, खोल आणि संथ. मी मनगटावर बोटं ठेवली. मनगटावर मिनिटाला एकाहत्तर होते. कानात बावन्न.

पुन्हा मोजले. एकाहत्तर, बावन्न.

चकती चावली. कुरकुर दोन्ही बाजूंनी सारखी, भरीव. बसण्याबद्दल तक्रार नाही, असं लिहिलं आणि घास गिळला.

चावण्याचा आवाज आणखी अकरा सेकंद चालू राहिला. तो चकतीचा नव्हता. काहीतरी ओलसर होतं, मुळ्याच्या लोणच्यासारखं.

बुधवारी मी जोडी घेऊन कारखान्यात गेलो. माकिए-सान भिंग लावून कुणाच्या तरी साच्याची कड घासत होत्या.

“काय हो निशिगाकी-सान, परत? तुमचे कान म्हणजे कुरकुऱ्या सासवा. एवढं जपून बनवलं, तरी बोचतंच का?”

“बोचत नाही. जरा जास्तच बसतंय.”

“अशी तक्रार पहिल्यांदाच ऐकते!” त्या हसल्या. जोडी हातात घेऊन खिडकीपाशी नेली. मग हसू थांबलं. कपाटाकडे जाऊन त्यांनी बोटाने कप्पे मोजले, दोनदा.

“माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठ्या गळून पडल्यात, म्हणून मी कप्पे मोजून साचा काढला. तुमचा नंबर पाच. पण सोजीने चार नंबरचा कप्पा ठेवलाच नव्हता.”

कुणीच ठेवत नाही. आमच्या जपानीत चार आणि मृत्यू यांचा उच्चार एकच आहे. त्यामुळे मोजून पाचवा येतो तो कप्पा असतो सहाचा.

“आणि सहा कोणाचा?”

“त्याचाच.”

हातोरी सोजी हा त्यांचा नवरा. सात वर्षांपूर्वी मे महिन्यात तो योकोहामाच्या एका गायिकेकडे माल पोचवायला गेला. माल पोचला. तो परत आला नाही.

“एकाचा साचा दुसऱ्याला बसत नाही,” मी म्हणालो.

“सख्ख्या भावाला बसत नाही. मला विचारा ना, एकवीस वर्षं हेच करतेय.” त्यांनी एक नग स्वतःच्या कानात घालून पाहिला. तो अर्ध्यावर अडकला. दुखलं तसं तोंड करून त्यांनी काढला. “काय ऐकलंत त्यात?”

मी वहीतलं वाचून दाखवलं. बावन्नवर त्यांनी मान वर केली.

“तो शाळेपासून पोहायचा. बावन्नच असायचे. डॉक्टर म्हणायचे, माणसाच्या छातीत बैल बसवलाय.” त्यांनी तो नग टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “सात वर्षं झाली की कौटुंबिक न्यायालयात अर्ज करता येतो, मेला असं जाहीर करा म्हणून. शुक्रवारी जाणार आहे मी. सात वर्षं मी ना बायको, ना विधवा. दीर म्हणतात, निदान थडग्याच्या दगडावर नाव तरी कोरू या. आणि तुम्ही आज हे घेऊन येता!”

“हे कानाचे भास असू शकतात.”

“असू शकतात की आहेत?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“मग घाला परत. आत्ता, माझ्यासमोर.”

मी घातली. बावन्न. माकिए-सान टेबलावर ओणवल्या आणि माझ्या कानाजवळ तोंड आणून मोठ्याने म्हणाल्या, “अहो, ऐकू येतंय का? मी माकिए.”

त्यांचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा आला. त्याबरोबर ठोके वाढले. साठ, सत्तर, अठ्ठ्याऐंशी. माझ्या मनगटावरचे मात्र होते तेवढेच राहिले.

“काय झालं?”

तीन वाजून वीस मिनिटं, मी वहीत लिहिलं. हे एकदाच घडलं होतं.

“सांगण्यासारखं काही नाही,” मी म्हणालो.

शुक्रवारी त्यांनी मला एक वाजता बोलावलं होतं. अर्ज टेबलावर तयार होता. मी जोडी घातली. त्यांनी सहीऐवजी वापरायचा नावाचा शिक्का लाल शाईत दाबला आणि कागदावर उमटवला, अंगठ्याने भार देऊन, सावकाश. मग माझ्याकडे पाहिलं.

“बावन्न,” मी म्हणालो. “काही फरक नाही.”

“बोलू त्याच्याशी?”

“बोला.”

“निघते हं,” त्या हवेला म्हणाल्या. बावन्न.

त्यांनी अर्ज पाकिटात घातला, पर्स घेतली. “तुम्ही इथेच बसा. जोडी काढू नका. मी खिडकीवर कागद देईपर्यंत काही बदललं तर फोन करा. मी तिथल्या तिथे फाडून टाकीन. पण नुसत्या भासासाठी करू नका, निशिगाकी-सान. मला अजून सात वर्षं नकोत.”

एक वाजून चौदा मिनिटांनी दार लागलं.

एक वाजून पंधरा मिनिटांनी कानात पावलं सुरू झाली. आपण स्वतः चालतो तेव्हा कान बंद असले तर टाच जशी कवटीत वाजते, तशी. जिना उतरण्याची. मी तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसलेलो होतो.

पुढे कुणाच्या तरी बुटांचा आवाज होता, दोन-तीन पायऱ्या खाली. बायकी, घाईचा.

मी फोन टेबलावर ठेवला आणि वेळा लिहीत राहिलो. एक एकवीस, तिकिटाच्या फाटकाची टिंग. एक चोवीस, गाडी. एक बेचाळीस, पुन्हा जिना, वर. बुटांचं अंतर तेवढंच. ठोके बावन्न.

एक एकोणपन्नासला मोठी खोली. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी नंबर पुकारला.

मग माकिए-सानचा आवाज आला. फार जवळून, जणू त्यांच्या खांद्यामागून.

“हो, शिक्का माझाच आहे.”

भास म्हणावा असं आता काही उरलं नव्हतं. मी फोन उचलला आणि त्यांचा नंबर लावला.

माझ्या हातातल्या फोनचा आवाज मला ऐकू आला नाही, कान पूर्ण बंद होते. पर्समधला ऐकू आला. उजव्या कानात, कमरेच्या उंचीवर, कापडाखाली दबलेला. एकदा वाजला. दोनदा वाजला. माकिए-सान बोलतच होत्या. जन्मतारीख सांगत होत्या.

तिसऱ्यांदा वाजताना पर्सची कडी उघडली, हळूच, सवयीच्या हाताने.

आवाज बंद झाला. कडी पुन्हा लागली.

माझ्या फोनच्या पडद्यावर अक्षरं आली. कॉल नाकारला.

“सोबत कुणी आलंय का?” एका पुरुषाने विचारलं.

“नाही,” माकिए-सान म्हणाल्या. “एकटीच आलेय.”

कागदावर कागद ठेवल्याचा आवाज आला. मी ठोके मोजले. बावन्न.