न दाबलेला काटा

लोणंद स्टेशनच्या फलाटावर सतरा फ्लाय सांडल्या होत्या. नऊ शाबूत, पाच उसवलेल्या, आणि तीन नुसते गळ उरलेले. पद्मावतीने आधी मोजलं, मगच हात लावला.

"जपून... टोचतील!" डबी पाडणारा तरुण तिच्यासमोरच उकिडवा बसला.

"काय आहे हे?"

"फ्लाय. गळावर पिसं नि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. माशाला वाटतं, खरीच हाय."

"आणि या पाच उसवल्या कशा?"

"मासा चावला की पीस तुटतं, पीस तुटलं की दोरा सुटतो. लय साधी गोष्ट हाय."

"साधी आहे, तर मग थांबवली का नाही?"

त्याने शाबूत नऊ डबीत भरल्या, उसवलेल्या पाच तिच्याच हातात राहिल्या. तेवढ्यात सांगलीची गाडी आली, आणि दोघं एकाच डब्यात चढले.

त्याचं नाव वीरधवल. पाटणजवळ कोयनेच्या काठी तो हौशी लोकांना फ्लायने मासा धरायला शिकवायचा. धरायचा आणि पाण्यात परत सोडायचा. तिची प्राणिशास्त्राची एमएस्सी नुकतीच झालेली. घर सांगलीजवळ, जैन शेतकऱ्याचं. पलूसच्या मावशीकडे जायला तो किर्लोस्करवाडीला उतरला, तेव्हा उसवलेल्या पाचही फ्लाय तिच्या पर्समध्ये होत्या.

"पिसं आमच्या घरात येणार नाहीत," तिने फोनवर बजावलं. पिसांऐवजी तिने नायलॉनचा झुपका घेतला, अंगाला लोकर गुंडाळली आणि त्यावर जुन्या मोटारीतली तांब्याची बारीक तार उलट दिशेने फिरवली. लोकरीचा एक वेढा तुटला तरी बाकीचे तारेखाली राहत. शेवटच्या गाठीला पाच वेढे, वर नेलपॉलिशचे दोन हात. आणि या सगळ्याच्या आधी एक काम. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो, तो माशाला सुटू देत नाही. तो ती पकडीने दाबून सपाट करायची.

अण्णांना, म्हणजे तिच्या वडिलांना, एवढंच ठाऊक होतं की पोरगी कीटकांचे नमुने बनवते.

"तुझी एक फ्लाय अकरा मासे टिकली!" महिन्याभराने वीरधवलचा फोन आला.

"जिवंत किती सोडलेस?"

"अकरा. पार मोजून! तूच सवय लावलीस." आणि लगेच, "एकदा ये की बघायला..."

"येईन. पण एक जरी मासा मेला, तर माझं बांधणं बंद. आणि... आपलं बोलणंही."

पलीकडे नदीचा आवाज होता.

"कबूल," तो म्हणाला.

कोयनेच्या काठी ढगाळ सकाळ होती. वीरधवलच्या तिसऱ्याच फेकीला खडस मासा लागला आणि दोर खोल पाण्यात धावला. जुनी फ्लाय असती तर एवढ्या ओढीत केव्हाच विस्कटली असती. ही शाबूत राहिली. बारा मिनिटांनी मासा उथळ पाण्यात आला, तो एका कुशीवर. वीरधवलने वाकून गळ काढू पाहिला. निघेना.

"पद्मा," तो हळूच म्हणाला, "काटा दाबलेला न्हाई."

काल निघायच्या घाईत तिने सहा जादा फ्लाय बांधल्या होत्या... फोन कानाला लावून. तो काहीतरी सांगत होता, ती हसत होती, आणि पक्कड हातात घ्यायचीच राहिली.

"माझी चूक. मी तुझ्याशी बोलत होते—"

"मी तरी कुठं बघितलं! कटर दे."

त्याने गळ मधोमध तोडून काढला. मासा सुटला, पण तरंगतच राहिला.

"तोंड प्रवाहाकडे धर," ती गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरली. "मागेपुढे हलवू नकोस, नुसता धर." तिने माशाच्या पोटाखाली हात घातला आणि घड्याळ सुरू केलं. पहिल्या मिनिटात कल्ले नऊ वेळा उघडले.

"हा मेला तर?"

"तर अट मोडली."

"व्वा! अट तुझी, चूक तुझी, आणि शिक्षा मला व्हय?"

"गप्प बस. मोजतेय."

दुसऱ्या मिनिटात चौदा. पाण्याखाली त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि तिने हात काढून घेतला नाही.

"मला तू पायजेस, पद्मा. मासा जगू दे न्हाईतर मरू दे. आत्ताच सांगतो... मागनं सांगितलं तर तुला वाटेल, माशामुळं म्हणतोय."

तिची मोजणी चुकली. तिने पुन्हा एकपासून सुरू केली.

"हा गेला तर मी पुन्हा एकही फ्लाय बांधणार नाही," शेवटी ती म्हणाली. "पण बोलणं थांबवायचं... ते मला जमणार नाही. अण्णांना सगळं खरं सांगणार आहे. त्या गळांसकट. तू येशील बरोबर?"

"येतो की. आज म्हणालीस तर आजच."

"चिडतील."

"चिडू देत. मी उभा राहतो तिथं."

शेपटी एकदा तिच्या मनगटावर आपटली. मग दुसऱ्यांदा, जोरात. मासा सरळ झाला, क्षणभर दोघांच्या ओंजळीत थांबला आणि खोल पाण्याकडे निघून गेला.

तिने घड्याळ थांबवलं. सहा मिनिटं, चाळीस सेकंद.