छताखाली न म्हणायचं गाणं

रविवारच्या मैफलीसाठी खुर्च्या मांडायचं काम व्हर्ना टोलफसनचं. मसलशेल नदीच्या खोऱ्यातला तो लाकडी ग्रेंज हॉल, म्हणजे शेतकऱ्यांचं सभागृह, तिच्या आजोबांच्या पिढीनं बांधलेला. साठ-सत्तर माणसं आली की भरून जायचा. एका टोकाला वीतभर उंचीचं स्टेज, दुसऱ्या टोकाला कॉफीचं टेबल, दोन्ही अंगांना उंच खिडक्या, आणि खिडक्यांबाहेर टेकडीपर्यंत नुसतं गवत. उन्हाळ्यात अधूनमधून कुणीतरी गिटार घेऊन यायचं आणि गुराख्यांची जुनी गाणी म्हणायचं. ऐकायला येणाऱ्यांतल्या निम्म्यांचा जन्म खोगिरावर गेलेला. चुकीचा शब्द आला की पहिल्या रांगेतून खाकरणं ऐकू यायचं.

त्या दिवशी व्हर्ना खुर्च्या मांडत नव्हती, आपटत होती.

"खुर्च्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" दारापाशी बसलेल्या एमेट स्कारनं विचारलं. एमेट शेजारच्या रँचवरचा म्हातारा. तिच्या भावाचा कामातला जन्मभराचा जोडीदार.

"खुर्च्यांनी नाही मारलं. ज्यानं मारलंय तो येतोय आत्ता गाडीतून."

येणार होता रॉइस किंब्रेल. गेल्या वर्षी वसंतात हाच रॉइस व्हर्नाच्या भावाकडे, ऑरिनकडे, आठवडाभर राहून गेला होता. रँचवरचं खरं जिणं बघायचंय म्हणाला. ऑरिननं त्याला जेवू घातलं, घोड्यावर बसवलं, वासरांना डाग देताना दोर धरायला शिकवलं. शरद ऋतूत ऑरिन घोड्यावरून उतरता उतरता छातीला हात लावून खाली बसला तो उठलाच नाही. आणि या मे महिन्यात पिकअपमधल्या रेडिओवर व्हर्नानं ते गाणं ऐकलं. ऑरिनचं गाणं. रॉइसच्या गळ्यातून, मुरक्या घेत. वर निवेदिका सांगत होती की म्हणे रॉइसला ते एका हॉटेलच्या खोलीत सुचलं.

तिनं गाडी रस्त्याकडेला घेतली आणि स्टिअरिंगवर मुठी मारल्या. तो राग महिनाभर निवला नव्हता. उलट आटून घट्ट झाला होता.

"आज त्याला ते सगळ्यांसमोर म्हणू दे," ती म्हणाली. "म्हणून झालं की उभी राहते आणि विचारते, कुणाचं रे हे? इथल्या माणसांना विचारते. बघू कुठं तोंड लपवतो."

एमेटनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दुसरी कसलीही शिक्षा दे त्याला. ते गाणं म्हणू देऊ नकोस. इथं नको."

"का? ऑरिन लाजाळू होता म्हणून?"

"ऑरिन लाजाळू नव्हता, पोरी."

त्याला काय म्हणायचंय ते तिला ठाऊक होतं. फार वर्षांपूर्वी एप्रिलात अवचित आलेल्या हिमवादळात टोलफसनांची गुरं वाऱ्याला पाठ करून चालत सुटली आणि हॉलमागच्या टेकडीवर काटेरी तारेला जाऊन अडली. मागची पुढच्यांना रेटत राहिली. ऑरिन आणि एमेट घोड्यांवर होते. ऑरिन त्यांना शांत ठेवायला गात राहिला, सुचेल तसे शब्द जुळवत. गुरं शांत राहिली. शांतपणे, उभ्याउभ्या मेली. त्यानंतर ऑरिन अधूनमधून रात्री त्या रिकाम्या टेकडीवर जाऊन तेच गाणं म्हणायचा, आणि उजाडता उजाडता त्याचं शेवटचं कडवं. लोक म्हणायचे, दुःख आहे, म्हणू द्या. हॉलमध्ये मात्र कितीही आग्रह झाला तरी तो मान हलवायचा. 'ते माणसांसाठी नाही. छताखाली नाही म्हणायचं.'

रॉइस आला. स्वच्छ टोपी, इस्त्रीचा शर्ट, बुटांना चिखलाचा ठिपका नाही. तो थेट व्हर्नापाशी आला आणि त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"बाई, ऑरिनचं कळलं. फार वाईट वाटलं हो. देवमाणूस होता."

"होता खरा." तिनं हात सोडवून घेतले. "तुझं ते गाजलेलं गाणं म्हणणार ना आज?"

त्याची नजर क्षणभर तिच्या चेहऱ्यावरून घसरली. "तुम्ही म्हणत असाल तर शेवटी म्हणतो."

"म्हणच. मी वाट बघत्येय."

मैफल चांगली झाली हे तिलाही नाकारता आलं नसतं. बाहेर जूनचं लख्ख ऊन, आत दालचिनीच्या रोलांचा आणि कॉफीचा वास. लोक पायांनी ताल धरत होते. रॉइसला माणसं हसवता येत होती. कॉफीच्या टेबलामागं ती हाताची घडी घालून उभी राहिली.

"आता माझं स्वतःचं एक," रॉइस म्हणाला. "हॉटेलच्या एका एकट्या रात्री सुचलेलं."

एमेट उठून उभा राहिला. "दुसरं म्हण," तो मोठ्यानं म्हणाला. लोकांनी माना वळवल्या. रॉइस हसला. "आजोबा, फर्माईश नंतर," म्हणाला आणि त्यानं सुरुवात केली.

*थांबा गं थांबा, वारा उतरेल,
मी आहे इथं, मी आहे इथं...*

संथ चाल, घोड्याच्या पावलाची. व्हर्नाचा राग उसळला आणि त्याच्याखालून ऑरिनचा आवाज इतका स्पष्ट आठवला की तिनं टेबलाची कड धरली. म्हणून तिच्या उशिरा लक्षात आलं. कपांमधली कॉफी थरथरत होती.

मग वास आला. ओल्या कातड्याचा, शेणाचा, आणि त्याखाली बर्फाचा.

पश्चिमेच्या खिडकीशी बसलेल्या बाईनं रुमालानं काच पुसली. वाफ गेली नाही. ती बाहेरच्या बाजूनं धरली होती. छातीच्या उंचीवर, ताटाएवढाले गोल. मोठे व्हायचे, विरायचे, पुन्हा मोठे व्हायचे. मग पुढच्या खिडकीवर. मग समोरच्या भिंतीच्या खिडक्यांवर. काचांपलीकडे ऊन होतं, उभ्या केलेल्या गाड्या होत्या, गवत होतं. दुसरं काही नव्हतं.

रॉइस थांबला.

भिंतीवर धडक बसली. मग दुसऱ्या भिंतीवर. फळ्या आत वाकल्या, छतातून धूळ गळली, एक पोर किंचाळलं. कुणीतरी दाराकडे धावलं. हार्लोटनहून आलेली एक दांडगी बाई होती. तिनं दार ओढलं, बाहेर पाऊल टाकायला गेली आणि थांबली. समोर मोकळं अंगण दिसत होतं. तिनं हात पुढं केला, तो हवेतच अडला. तिनं तो मागं घेतला तेव्हा तळवा ओला होता आणि त्याला तांबडे राठ केस चिकटले होते. तिनं दार लोटलं आणि खाली बसली.

"गात राहा!" एमेट ओरडला. "पोरा, थांबू नकोस, गात राहा!"

रॉइसनं सूर धरला. फळ्या सैल पडल्या. धडका थांबल्या. खिडक्यांवर श्वास संथ झाले.

त्यानं ऑरिनकडून उचललेली तिन्ही कडवी म्हटली. पुढं त्यानं स्वतः जोडलेलं एक होतं, कुठल्याशा मुलीच्या निळ्या डोळ्यांचं. त्याची पहिली ओळ निघताच पूर्वेकडची काच तडकली. तो घाईनं पुन्हा पहिल्या कडव्यावर आला.

पुन्हा तिन्ही. पुन्हा पहिल्यापासून.

माणसं भिंतींपासून दूर, मध्ये दाटीवाटीनं उभी होती. रॉइसचा शर्ट घामानं अंगाला चिकटला. आवाज फाटायला लागला. त्याचे डोळे व्हर्नाला शोधत होते.

एमेट तिच्यापाशी आला. "शेवटचं कडवं. तुला येतं."

येत होतं. पहाटे थर्मास घेऊन ती टेकडीवर जायची तेव्हा ऑरिन तेच म्हणत असायचा. गुरांना मोकळं सोडायचं कडवं. रॉइस रात्री पहिली तीन कडवी ऐकून त्या वेळी झोपलेला असायचा.

"गाऊ दे त्याला," ती म्हणाली.

"व्हर्ना, आत पोरं आहेत."

ती माणसांतून वाट काढत स्टेजपाशी गेली. रॉइस गातच होता. ओठाच्या कोपऱ्यात रक्त आलं होतं. "कुणाचं आहे?" तिनं विचारलं.

"ऑरिनचं," दोन ओळींच्या मध्ये तो कसाबसा म्हणाला. "ऑरिनचं आहे. बाई, सोडवा."

सगळ्यांनी ऐकलं. महिनाभर तिला हवं होतं ते हेच. पण राग तसूभर उतरला नाही. ती वीतभर पायरी चढली, आणि तिनं तोंड उघडलं.

*उजाडलं गं, उठा आता,
गवत मोकळं, वाट मोकळी...*

बाहेर जड काहीतरी हललं. पुढच्या ओळीत पुढे चालणाऱ्याचं नाव यायचं. ऑरिन तिथं स्वतःचं नाव घ्यायचा.

*पुढं आहे रॉइस, त्याच्या मागं चला.*

ऑरिन हे नाव चालीत नेमकं बसायचं, रॉइस आखूड पडत होतं. तिनं ते लांबवलं.

भिंती सरळ झाल्या. काचांवरची वाफ विरली. लोक रडू लागले, एकमेकांना मिठ्या मारू लागले. त्या गडबडीत रॉइसनं गिटार खाली ठेवली आणि तो स्टेजवरून उतरला. कुणाला धक्का न लावता दारातून बाहेर पडला. आपल्या गाडीजवळून गेला, तिच्याकडे बघितलंही नाही. कुंपण ओलांडून टेकडीच्या दिशेनं चालू लागला, घाई नाही, वळून बघणं नाही. दोघांनी हाका मारल्या. मागं धावायला कुणाचा पाय उचलला नाही, कारण त्याच्या मागचं गवत आडवं होत चाललं होतं. एका माणसाच्या वाटेएवढं नव्हे, गाडीरस्त्याएवढं रुंद.

शेरीफ आला, कुत्री आली, वरून विमान फिरलं. रॉइस सापडला नाही; उष्माघात झाला असावा असं ठरलं.

"तू नाव कुणाचं घेतलंस?" नंतर एकदा एमेटनं विचारलं.

"ऑरिनचं. आणखी कुणाचं घेणार?"

एमेट उठला. मग टोपी घालून निघून गेला. त्यानंतर तो तिच्याकडे कॉफीला आला नाही.

ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला. व्हर्ना सकाळी गुरांना वाळलं गवत टाकायला गेली, तर एकही गाय गव्हाणीपाशी नव्हती. सगळ्या कुंपणाला लागून, टेकडीकडे तोंडं करून, कान पुढं करून उभ्या. तिनं शिव्या घातल्या, काठी आपटली. एकीनं मान वळवली नाही.

तेव्हा तिनंही ऐकलं. वाऱ्याबरोबर तुटक तुटक येत होतं. तीन कडवी, आणि पुन्हा पहिलं. ती काठी धरून उभी राहिली. राग पुन्हा उसळावा म्हणून ती मुद्दाम नीट कान देऊन ऐकू लागली. रॉइस कुठं चुकतोय, कुठं ती रेडिओवरची मुरकी घेतोय.

कुठंच नाही. मुरक्या गेल्या होत्या. ताल बरोबर घोड्याच्या पावलाचा पडत होता. गाणं त्याला आता यायला लागलं होतं.